सयामी मांजरं तिरळी का असतात? (अल्बिनिझम आणि डोळ्यापासून मेंदूपर्यंतची वाट)

अर्धविराम

मांजरांच्या फोटोंच्या धाग्यावर परवा एका सयामी बोक्याच्या तिरळेपणावरून बरीच थट्टा चालली होती. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी नोकरीभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. हा विषय पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकतात, ते मला कधीच पटलं नाही.

सयामीच्या डोळ्यांच्या स्नायूंत काही बिघाड नसतो. गडबड त्याच्या बरीच मागे असते. डोळ्यातून निघालेले काही तंतू मेंदूच्या भलत्याच बाजूला जाऊन पोचलेले असतात.

आधी नेहमीची रचना बघू. प्रत्येक डोळ्याच्या रेटिनाचे (आतल्या, उजेड टिपणाऱ्या पडद्याचे) दोन भाग धरा, नाकाकडचा आणि कानशिलाकडचा. नाकाकडच्या भागातून निघालेले तंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या कायझ्मापाशी (दोन्ही डोळ्यांचे तंतू जिथे भेटतात त्या फुलीपाशी) बाजू बदलतात, कानशिलाकडचे आपल्याच बाजूला राहतात. त्यामुळे समोरच्या दृश्याची डावी बाजू, कुठल्याही डोळ्याने बघितली तरी, मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात जाते. दोन्ही डोळ्यांची माहिती तिथे एकत्र येते आणि वस्तू किती लांब आहे याचा अंदाज येतो. माणसात साधारण ५३ टक्के तंतू बाजू बदलतात. उंदराचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याच्यात आपल्याच बाजूला राहणारे तंतू ३ ते ५ टक्केच. मांजर या दोघांच्या मधे कुठेतरी.

अल्बिनो, म्हणजे मेलॅनिन हे रंगद्रव्य जन्मतः नसलेल्या किंवा फार कमी असलेल्या, सस्तन प्राण्यात ही विभागणीची रेषा कानशिलाकडे सरकते. जे तंतू आपल्या बाजूला राहायचे, त्यातले बरेचसे पलीकडे जातात. उंदीर, ससा, फेरेट, मांजर, माकड, माणूस, जिथे जिथे तपासलं तिथे तिथे हेच सापडलं.

"पण सयामी अल्बिनो कुठे आहे, तिचं तोंड तर काळं असतं", असं कुणीतरी म्हणणारच. तर सयामीमध्ये मेलॅनिन बनवणारं टायरोसिनेज हे एन्झाइम असतं, पण ते उष्णतेला नाजूक असतं. अंगाच्या तापमानाला ते काम करत नाही, जरा गार जागी करतं. म्हणून नाकाचा शेंडा, कान, पाय, शेपूट काळी आणि बाकी अंग फिकं. पिल्लू आईच्या पोटातल्या उबेतून येतं म्हणून जन्मतः जवळजवळ पांढरं असतं. आणि डोळ्याचा मागचा भाग कायम उबेत, त्यामुळे तिथे रंग जवळपास नाहीच. आनुवंशिकीच्या हिशोबाने सयामी हा अल्बिनिझमचाच एक प्रकार.

१९६९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात रे गिलरी यांनी सयामी मांजरांच्या मेंदूचे काप तपासले. मेंदूच्या आत खोलवर थॅलॅमस नावाचा भाग असतो, त्यात एक केंद्र आहे, त्याला आपण एलजीएन म्हणू. डोळ्यांकडून आलेले तंतू तिथे थांबतात आणि पुढची मजल मेंदूच्या मागच्या भागात. मांजराच्या एलजीएनमध्ये पेशींचे थर एकावर एक असतात. वरचा 'ए' थर पलीकडच्या बाजूच्या डोळ्याचा, त्याखालचा 'ए१' आपल्या बाजूच्या डोळ्याचा. दोन्हींत दृश्याचा तोच बिंदू नेमका एकाखाली एक येतो, कार्बन पेपर लावून लिहिल्यासारखा. गिलरींना सयामीच्या कापांत 'ए१' थर सलग दिसलाच नाही. तो मधेच तुटलेला होता आणि त्यातला एक तुकडा वरच्या थराला चिकटलेला. त्या तुकड्यात तंतू आलेले होते ते चुकीच्या डोळ्याकडून. शिवाय त्यातला नकाशा उलटा, म्हणजे दृश्याची जी बाजू मेंदूच्या दुसऱ्या अर्ध्यात जायला हवी ती इथे येऊन बसलेली.

आता या उलट्या नकाशाचं मेंदू करतो काय? मला स्वतःला सगळ्यात रंजक वाटतं ते हेच. १९७१ मध्ये हार्वर्डच्या ह्यूबेल आणि वीझल यांनी दाखवलं की त्यांच्या सयामी मांजरांच्या मेंदूने या आगंतुक तंतूंना वेगळी जागा करून दिली होती, अशी की नकाशा पुन्हा सलग झाला. गिलरी आणि जॉन कास यांच्या मांजरांत मात्र तसं काही झालंच नव्हतं. तिथे मेंदूने हे चुकीचे संदेश नुसते दाबून टाकले होते. पहिल्या प्रकाराला 'बॉस्टन' आणि दुसऱ्याला 'मिडवेस्टर्न' अशी नावं पडली, ज्या भागातली मांजरं त्याचं नाव. मिडवेस्टर्न मांजराचा एक डोळा झाकला तर उघड्या डोळ्याला नाकाच्या बाजूचं दिसतच नाही, निदान ते तसं वागतं. तिकडे खाऊ धरला तरी मान वळत नाही. जात एक, जनुकही तेच, आणि मेंदूने काढलेले तोडगे मात्र दोन.

दोन्ही प्रकारांत, दोन्ही डोळ्यांना एकदम दाद देणाऱ्या पेशी मेंदूत फारच कमी उरतात. तिरळेपणा हा या सगळ्याचा परिणाम मानला जातो. सगळ्या सयामी तिरळ्या नसतात, ब्रीडर मंडळी तशी मांजरं बाजूला काढत आली. पण डोळे सरळ असले तरी आतली जोडणी तीच.

---

मनीमाऊवाली

झकास धागा! आमच्या बबडीचं प्रकरण इतकं खोल असेल असं वाटलं नव्हतं. पण ही बया फ्रिजवरून ओट्यावर उडी मारते ती एकदाही चुकत नाही. खोली कळत नाही तर हे कसं जमतं?

आणि दुसरा प्रश्न. शेजारच्या वहिनींकडे पांढराशुभ्र बोका आहे, निळ्या डोळ्यांचा. ठार बहिरा. त्याच्याही मेंदूत हाच घोळ का?

---

अर्धविराम

@मनीमाऊवाली, दोन डोळ्यांची तुलना हा खोली कळण्याचा एक मार्ग, एकमेव नव्हे. उडी मारण्याआधी मांजर डोकं वरखाली करतं ते बघितलंयत ना? जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. सावली, आकार, ओळखीची जागा, या सगळ्याचा उपयोग होतो. ओट्याची जागा एक दिवस बदलून बघा म्हणजे कळेल. (नका बदलू. बबडी माझ्या नावाने बोटं मोडेल.)

शेजारच्या बोक्याचं गणित पूर्णपणे वेगळं. तो अल्बिनो नाही. त्याच्यात किट नावाच्या जनुकातला बदल असतो, त्यामुळे रंगपेशी गर्भात अंगभर पसरतच नाहीत. या पेशी आतल्या कानातही लागतात, तिथे त्या पोचल्या नाहीत की बहिरेपण. पण रेटिनाच्या अगदी मागे रंगीत पेशींचा एक थर असतो, तो या फिरत्या पेशींपासून बनतच नाही. तो डोळ्याच्या आपल्या उतींपासून, जागेवरच तयार होतो. त्या बोक्यात हा थर शाबूत असतो. गिलरींनी अशी मांजरंही तपासली होती, डोळ्यांच्या वाटा व्यवस्थित निघाल्या.

मिंक नावाच्या प्राण्यात तर हे फार स्वच्छ दिसलं. फरच्या धंद्यासाठी मिंकच्या नाना रंगांच्या जाती पाळल्या जातात. त्यात फरचा रंग काय याला महत्त्व नाही, रेटिनामागच्या थरात मेलॅनिन किती याला आहे. तो जितका फिका, तितकी वाट जास्त चुकलेली.

---

वाघाटी

मग पांढऱ्या वाघाबद्दल लिहायलाच हवं.

जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतले पांढरे वाघ बहुतांशी एकाच वाघाचे वंशज आहेत. १९५१ मध्ये रीवाचे महाराज मार्तंड सिंह यांनी एक पांढरा बछडा पकडला, त्याचं नाव मोहन. त्याला गोविंदगढच्या महालात ठेवला. साध्या वाघिणीपासून त्याला झालेली पिल्लं सगळी पिवळीच. मग त्याच्याच मुलीशी, राधाशी, जोडी लावली आणि १९५८ मध्ये पांढरी पिल्लं झाली. त्यातलीच मोहिनी १९६० मध्ये वॉशिंग्टनला गेली. पुढची सगळी पैदास अशीच, घरातल्या घरात.

पांढरा वाघ पुरता अल्बिनो नाही, पट्टे असतात आणि डोळे निळे असतात. पण गिलरी आणि कास यांनीच १९७३ मध्ये एका पांढऱ्या वाघाचा मेंदू तपासून 'सायन्स'मध्ये छापलं की सयामीत सापडली तीच चूक इथेही आहे. कारणीभूत जनुक २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी शोधलं, एसएलसी४५ए२. त्यात एका अमिनो आम्लाचा फरक, एवढंच.

आपल्याकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बाजीराव नावाचा पांढरा वाघ होता, २०१९ मध्ये गेला. लोक पोरांना खांद्यावर घेऊन बघायला जायचे आणि "किती राजबिंडा" म्हणायचे. राजबिंडा होताच. पण ज्याचं सगळं आयुष्य झडप नेमकी पडण्यावर, त्या प्राण्यात आपण मुद्दाम हे जनुक जोपासतो आणि वर त्याला 'दुर्मीळ प्रजाती' म्हणून पाटी लावतो, हे मला चीड आणणारं वाटतं. ती प्रजाती नाही. जंगलात वाघ वाचवण्याशी या पैदाशीचा काडीचा संबंध नाही. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये आपल्या सदस्यांना ही पैदास बंद करायला सांगितली, ते योग्यच केलं.

---

घाटपांड्या

+१ वाघाटी.

बार्सिलोनाच्या प्राणिसंग्रहालयात स्नोफ्लेक नावाचा पांढरा गोरिला होता, २००३ मध्ये गेला. त्याच्यातही हेच एसएलसी४५ए२ निघालं, बदल मात्र वेगळ्या जागी. जीनोम तपासल्यावर त्याचे आईबाप जवळचे नातलग असावेत असं दिसलं. तो उन्हात डोळे मिटून बसायचा म्हणतात.

---

पिंजरा_क्र_४

मी औषध कंपनीत प्राणी-प्रयोगशाळेत आहे. आमच्याकडचे विस्टार उंदीर पांढरे, बॅल्ब-सी पांढरे. नवीन मुलं दृष्टीवर अवलंबून असलेल्या चाचण्या यांच्यावर लावतात आणि मग "स्मरणशक्ती कमी आली" असा निष्कर्ष काढतात. अरे बाबांनो, त्याला भिंतीवरची खूणच धड दिसली नसेल! अल्बिनो उंदरात आपल्या बाजूला राहणारे तंतू कमी असतात हे १९६५ मध्येच लंड या संशोधकांनी दाखवलंय, म्हणजे सयामीच्याही आधी.

आणखी एक. पांढऱ्या उंदरांना जास्त उजेडात ठेवलं तर त्यांच्या रेटिनातल्या प्रकाशग्राही पेशी मरतात. आमच्याकडे वरच्या रांगेतले पिंजरे ट्यूबलाइटच्या अगदी जवळ यायचे. आता आम्ही पिंजऱ्यांच्या रांगा ठरावीक दिवसांनी खालीवर करतो आणि दिवे मंद ठेवतो.

---

लॉजिकवाला

सगळं मान्य, पण एक गोष्ट डोक्यात शिरत नाहीये. मेलॅनिन रेटिनाच्या मागे. तंतू निघतात रेटिनाच्या पुढच्या बाजूच्या पेशींतून. आणि ते डावीकडे जायचं की उजवीकडे हे ठरतं कायझ्मापाशी, तिथून केवढं तरी लांब. मग मागच्या थरातला रंग या तंतूला रस्ता सांगतो कसा? आणि सयामीच्या पिल्लाचा तो मोक्याचा काळ गर्भातला, म्हणजे तिथे उजेडाचाही संबंध नाही.

---

अर्धविराम

लॉजिकवाला, नेमका प्रश्न. थोडक्यात उत्तर असं, की रस्ता कायझ्मापाशी ठरत नाही. तिथे फक्त अंमलबजावणी होते. निर्णय पेशी जन्मते तेव्हाच झालेला असतो.

उंदरात हे बारकाईने समजलंय. रेटिनाच्या खालच्या, कानशिलाकडच्या कोपऱ्यातल्या काही पेशींमध्ये झिक२ नावाचं प्रथिन असतं. ते जनुकं चालूबंद करतं. झिक२ असलेली पेशी आपल्या तंतूवर ईएफबी१ हा रिसेप्टर (बाहेरची खूण ओळखणारं प्रथिन) बसवते. कायझ्माच्या मधल्या रेषेवर ग्लिया नावाच्या आधारपेशी असतात, त्यांच्यावर एफ्रिन-बी२ हे प्रथिन असतं. ईएफबी१वाला तंतू तिथे पोचला की एफ्रिन-बी२ त्याला मागे लोटतं आणि तो वळून आपल्याच बाजूला राहतो. ज्याच्याकडे हा रिसेप्टर नाही तो सरळ पलीकडे जातो. न्यूयॉर्कच्या कॅरल मेसन यांच्या गटाने यातला बराच भाग उलगडला. अल्बिनो उंदरांत झिक२वाल्या पेशीच कमी असतात. कायझ्मा ठीकच असतो, "मागे लोट" म्हणावं असे तंतूच त्याच्याकडे कमी येतात.

आता त्या पेशी कमी का? रेटिनातल्या पेशी एका ठरलेल्या वेळापत्रकाने जन्मतात. मागचा रंगीत थर या वेळापत्रकावर प्रभाव टाकतो. अल्बिनोमध्ये वेळापत्रक बिघडतं, पेशी उशिरा तयार होतात, आणि उशिरा जन्मणाऱ्या पेशी पलीकडे जाणाऱ्या होतात.

आणि गंमत अशी, की काम बहुधा मेलॅनिन करतच नाही. टायरोसिनेज टायरोसिनपासून मेलॅनिन बनवतं तेव्हा मधल्या टप्प्यावर एल-डोपा तयार होतं. माद्रिदच्या लुईस मोन्तोलियू यांच्या गटाने २००६ मध्ये एक देखणा प्रयोग छापला. अल्बिनो उंदराच्या त्या मागच्या थरात त्यांनी टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम घातलं. ते एल-डोपा बनवतं, मेलॅनिन बनवत नाही. उंदीर पांढरे ते पांढरेच राहिले, डोळे लाल ते लालच. पण रेटिना आणि तंतूंच्या वाटा सुधारल्या. म्हणजे रंग नसूनही काम झालं.

---

लॉजिकवाला

क्या बात है. प्रयोग असावा तर असा.

---

लेकीची_आई

हा धागा बराच वेळ नुसता वाचत होते. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिला अल्बिनिझम आहे. केस सोनेरी, डोळे सतत हलतात. अलीकडे व्हीईपी नावाची तपासणी केली. डोक्याला मागे तारा लावून एकेक डोळा झाकत पडद्यावर चित्र दाखवत होते. रिपोर्टवर "असिमेट्री" लिहून दिलं, समजावून कुणी सांगितलं नाही. वर एल-डोपाबद्दल वाचून पोटात कालवाकालव झाली. हे औषध तिला दिलं तर उपयोग होईल का? आणि नजर आणखी कमी होत जाईल का?

---

फंडस

ताई, मी नेत्रतज्ज्ञ आहे. तुमच्या डॉक्टरांना पर्याय म्हणून नाही, पण या धाग्याच्या अनुषंगाने सांगतो.

आधी शेवटचं. अल्बिनिझममुळे नजर वर्षागणिक ढासळत जात नाही. उलट लहानपणी डोळ्यांची थरथर हळूहळू कमी होते आणि थोडं बरं दिसायला लागतं.

तो रिपोर्ट म्हणजे या धाग्यातलीच गोष्ट. एका डोळ्याला चित्र दाखवलं की एरवी मेंदूच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखा प्रतिसाद येतो. तुमच्या लेकीत तंतू जास्त करून पलीकडे गेलेले, म्हणून उजव्या डोळ्याला दाखवलं की डाव्या बाजूचा प्रतिसाद मोठा, डाव्या डोळ्याला दाखवलं की उजव्या बाजूचा. या उलटापालटीला ते असिमेट्री म्हणतात. क्रील आणि विटकॉप यांनी १९७४ च्या सुमारास माणसांत हे दाखवलं, तेव्हापासून निदानासाठी वापरतात. त्यातून आजार वाढला असा काही अर्थ निघत नाही.

एल-डोपाचं म्हणाल तर, तंतूंच्या वाटा आईच्या पोटातच ठरून जातात. नंतर औषध दिलं तरी त्या बदलत नाहीत. अल्बिनिझम असलेल्या लोकांवर एल-डोपाची चाचणी झाली, नजर सुधारली नाही. निटिसिनोन नावाचं दुसरं औषध लहानशा गटावर वापरून बघितलं, केस आणि त्वचा किंचित गडद झाली, नजर तेवढीच राहिली. कुणी विकत द्यायला लागलं तर घेऊ नका.

नजर कमी असण्याचं मोठं कारण या वाटा नाहीत. रेटिनाच्या मध्यावर बारीक बघण्यासाठी एक खळगा असतो, फोव्हिया. तो अल्बिनिझममध्ये नीट तयारच होत नाही. म्हणून चष्म्याने पूर्ण ६/६ होत नाही. तरी नंबर असेल तर चष्मा हवाच, उन्हासाठी टोपी आणि गडद काच हवी. शाळेत पुढचा बाक, खिडकीकडे पाठ, मोठी अक्षरं. आणि एक महत्त्वाचं: ती मान वाकडी करून बघत असेल तर बाईंना सांगा, टोकू नका. डोळे ज्या कोनात कमीत कमी हलतात तो कोन तिने स्वतः शोधलेला असतो.

---

लेकीची_आई

मान वाकडी करतेच. "सरळ बस" म्हणून वहीवर शेरा आला होता! उद्याच बोलते शाळेत. खूप आभार.

---

भुरकट

मी चाळिशीतला, अल्बिनिझमवाला. ताई, काळजी करू नका. मी बँकेत आहे, स्क्रीन मोठी करून काम करतो. अडतं ते एसटीच्या पाट्यांवर, बस अंगावर आली तरी गाव वाचता येत नाही. हल्ली मोबाइलने फोटो काढतो आणि मोठा करून बघतो. लहानपणी क्रिकेटमध्ये चेंडू दिसायचा तो तोंडाशी आल्यावर, म्हणून मला कायम अंपायर करायचे. त्या निर्णयांवरून किती भांडणं झाली ते विचारू नका.

डोळे हलतात पण मला जग हलताना दिसत नाही, हे लोकांना खरं वाटत नाही. जिना उतरताना मात्र शेवटची पायरी आहे की संपली, हे पायानेच चाचपतो.

प्रमाणपत्राचं: दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त भरलं तर परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लवकर काढून ठेवा, दहावीच्या तोंडावर धावपळ होते.

अर्धविराम सर, एक विचारायचं होतं. माझ्या मेंदूत उलटा नकाशा बसलाय म्हणता. मग मला डावीकडचं उजवीकडे का दिसत नाही?

---

अर्धविराम

भुरकट, माणसांवर एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग कधी काम करतो ते दाखवणारं स्कॅन) करून हे तपासलंय. अल्बिनिझम असलेल्या व्यक्तीच्या मेंदूत एकाच जागी दृश्याच्या दोन बिंदूंची माहिती येते. एक आपला नेहमीचा, दुसरा मधल्या उभ्या रेषेच्या पलीकडचा, तेवढ्याच अंतरावरचा. आरशातली जोडी म्हणा. मांजराच्या बॉस्टन किंवा मिडवेस्टर्न, दोन्ही तऱ्हांपेक्षा हे निराळं. माणसाचा मेंदू नकाशा हलवत नाही आणि पुरता दाबतही नाही, दोन्ही माहिती शेजारीशेजारी पण वेगवेगळी ठेवतो. म्हणून तुम्हाला डावंउजवं चुकत नाही, आणि मिडवेस्टर्न मांजरासारखी नाकाकडची बाजू गायबही होत नाही. पायरीचा अंदाज मात्र त्याच कारणाने जातो, दोन डोळ्यांची माहिती जिथे जुळायची तिथे ती भेटतच नाही.

याच्या बरोबर उलटा प्रकारही आहे. बेल्जियन शीपडॉगच्या एका कुळात जन्मतः कायझ्माच नव्हता. एकही तंतू पलीकडे जात नव्हता, प्रत्येक डोळा आपल्याच बाजूच्या मेंदूला जोडलेला. त्यांचेही डोळे हलायचे.

---

मनीमाऊवाली

एक शेवटचं विचारते. मध्यंतरी व्हॉट्सॲपवर पांढऱ्या कावळ्याचा फोटो फिरत होता. त्याचंही असंच?

---

अर्धविराम

नाही. पक्ष्यांत दोन्ही डोळ्यांचे तंतू सगळेच्या सगळे बाजू बदलतात. आपल्या बाजूला राहणारे नसतातच, मग चुकून पलीकडे जाणार कोण? कावळ्याला उन्हाचा त्रास होईल, आणि बाकीचे कावळे टोचतील तो वेगळा. आणि फोटोतल्या कावळ्याचे डोळे काळे असतील तर तो मुळात अल्बिनो नाहीच, नुसती पिसं पांढरी आहेत.